तात्यांचा डावा कान आणि स्कॉटलंडमधला सायलेन्सर



मागच्या महिन्यात आपल्या इथे ग्वाल्हेर संस्थानातल्या जुन्या नोकऱ्यांवर छान गप्पा झाल्या. कुणाचे पणजोबा महसुलात, कुणाचे फौजेत, कुणाचे खासगीत. मी तेव्हा एवढंच लिहिलं होतं की आमचे आजोबा शिकारखात्यात होते. पुढे लिहायचं टाळलं. खरं सांगायचं तर त्यांच्याबद्दल माझ्या मनात एक जुनी अढी होती. ती साठ वर्षांनी गेली, आणि तीसुद्धा स्कॉटलंडमध्ये, माझ्या जावयाच्या घरी एका वादात. वाद असा होता: हरणाच्या शिकारीच्या रायफलीला सायलेन्सर लावायचा की नाही. विषय विचित्र वाटेल, पण वाचा.

आधी आजोबा. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. माधवराव महाराजांच्या काळात ते नोकरीला लागले आणि 1948 मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झालं तोवर राहिले. माधवराव महाराजांचा शिकारीचा नाद आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. वाघाच्या शिकारीवर त्यांनी पुस्तकसुद्धा लिहिलं. शिवपुरीच्या ज्या जंगलात मचाणं बांधली जायची, हाके निघायचे, तिथे आज माधव राष्ट्रीय उद्यान आहे. चितळ, सांबर, नीलगाय अजून आहेत. 2023 मध्ये तिथे पुन्हा वाघ आणून सोडले.

तात्या शिकारी नव्हते. त्यांच्याकडे रायफली आणि काडतुसांचा हिशेब असायचा, आणि त्याहून महत्त्वाचं काम म्हणजे रायफली जोखून ठेवणं. पाहुणे यायच्या आधी प्रत्येक रायफल निशाण्यावर चालवून पाहायची, गोळी कुठे लागते ते बघायचं, माशी सरकवायची, पुन्हा चालवायची. पाहुणा लाटसाहेब असो की दुसऱ्या संस्थानचा राजा, नेम चुकला तर दोष रायफलीवर यायला नको. म्हणजे मोठमोठ्या शिकाऱ्यांनी वर्षाला जेवढ्या गोळ्या झाडल्या नसतील तेवढ्या आमच्या तात्यांनी झाडल्या, आणि त्या मातीच्या ढिगाऱ्यावर. कानात काय घालायचे? फार तर कापूस. तोही पुष्कळदा नाही.

मला आठवतात ते म्हातारे तात्या, जनकगंजच्या घरात ओट्यावर बसलेले. हाक मारली तरी उत्तर देत नसत. घरात सगळे म्हणायचे, संस्थानी नोकरीचा ताठा आहे, दुसरं काय. 1962 मध्ये मला शाळेत शिष्यवृत्ती मिळाली. मी पळत घरी आलो, ओट्यावर चढलो आणि त्यांच्या डाव्या बाजूला उभं राहून सांगितलं. ते समोर रस्त्याकडे बघत राहिले. मी पुन्हा सांगितलं. काही नाही. मग मी आत गेलो आणि ठरवलं की यांच्याशी बोलायचं नाही. बारा वर्षांच्या पोराचा हट्ट, तो मी पाळला. त्या हिवाळ्यात तात्या गेले.

आता स्कॉटलंड. माझी मुलगी तिथे नोकरीला गेली, लग्नही तिथल्याच मुलाशी झालं. जावई जंगलखात्यासारख्या कामात आहे, आणि त्या कामाचा एक भाग म्हणजे हरणं मारणं. आपल्यापैकी बऱ्याच जणांना हे खटकेल, मलाही खटकलं. 1972 मध्ये मी बी.कॉम. होऊन बँकेत लागलो, त्याच साली आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार बंद झाली. माझी उभी हयात शिकार म्हणजे गुन्हा हे समजण्यात गेली. पण तिथलं गणित वेगळं आहे. स्कॉटलंडमधले लांडगे दोन-तीनशे वर्षांपूर्वीच संपले. हरणांना खाणारं कुणी उरलं नाही. आज तिथे दहा लाखांच्या आसपास हरणं असावीत असा अंदाज दिला जातो. ती नवी झाडं उगवू देत नाहीत, आणि कडक हिवाळ्यात स्वतःही उपाशी मरतात. म्हणून दरवर्षी ठरावीक संख्येनं मारावी लागतात. मांस विकलं जातं, वाया जात नाही.

पद्धत हाक्याची नाही. एकटा माणूस किंवा दोघं डोंगरात वाऱ्याची दिशा बघत, पोटावर सरपटत हरणाच्या टप्प्यात जातात आणि एक गोळी झाडतात. गोळी कुठली चालेल तेही कायद्यानं ठरलेलं. लाल हरणासाठी गोळीचं वजन 2023 पर्यंत किमान 100 ग्रेन लागायचं, आणि वेग सेकंदाला किमान 2450 फूट, म्हणजे साधारण 747 मीटर. जनावर जखमी होऊन तडफडू नये म्हणून.

जावयानं नवी रायफल घेतली होती आणि तिला सायलेन्सर लावायचा होता. तिथे त्याला मॉडरेटर म्हणतात, आणि तो शब्द जास्त खरा आहे. माझे व्याही, म्हणजे जावयाचे वडील, आयुष्यभर डोंगरात हेच काम करून निवृत्त झालेले. त्यांनी एका वाक्यात निकाल दिला: ती चोरट्या शिकाऱ्यांची वस्तू आहे. ब्रिटनमध्ये जुन्या पिढीत ही समजूत पक्की आहे. रात्री दुसऱ्याच्या जमिनीवर शिरून आवाज न करता हरीण उचलणारे लोक सायलेन्सर वापरायचे, म्हणून तो लावणारा सभ्य नव्हे.

जेवणाच्या टेबलावर बाप-लेकाचं जुंपलं. मुलगी मला मराठीत सांगत होती. मी बँकेतला माणूस, म्हटलं दोन बाजू मांडून बघू, नावे आणि जमा.

नावे बाजूला व्याह्यांचे मुद्दे होते, आणि ते पोकळ नव्हते. वस्तू अर्धा किलोपर्यंत जड असू शकते, आणि ती नळीच्या टोकाला असते म्हणून रायफलीचा तोल बिघडतो. लांबी वाढते, गाडीतून काढताना, झुडपातून सरपटताना अडकते. नळीच्या टोकाला आटे पाडावे लागतात. लावली की गोळी पडायची जागा बदलते, म्हणजे रायफल पुन्हा जोखावी लागते. गोळी झाडल्यावर आत ओल आणि काजळी साचते. रात्री काढून सुकवली नाही तर तीही गंजते आणि नळीचं तोंडही गंजतं. वर कागदपत्रं. ब्रिटनमध्ये नुसत्या मॉडरेटरचीसुद्धा बंदुकीच्या परवान्यावर नोंद करावी लागत आली आहे. (आपल्याकडे तर तो निषिद्ध शस्त्रसामग्रीत मोडतो. उलट न्यूझीलंडमध्ये दुकानात सहज मिळतो, आणि फिनलंड-नॉर्वेत शिकारी सर्रास वापरतात.)

जमा बाजू जावयाची. त्यानं दुसऱ्या दिवशी मला शेतावर नेऊन प्रत्यक्ष दाखवलं. कानावर जाड कर्णरक्षक चढवून मी मागे उभा राहिलो. पहिली गोळी मॉडरेटरशिवाय. आवाज कानात कमी, छातीत जास्त लागला. मग मॉडरेटर लावून. अगदी गप्प वगैरे काही नाही. सिनेमात दाखवतात तसा फुस्स आवाज खोटा. सुतारानं जाड फळीवर हातोडा हाणावा तसा आवाज आला, आणि मग समोरच्या दरीभर चाबूक ओढल्यासारखा कडाका. तो कडाका गोळीचा. गोळी आवाजाच्या दुपटीहून वेगानं जाते, तो आवाज कुठलंही यंत्र दाबू शकत नाही. मॉडरेटर दाबतो तो नळीच्या तोंडाशी होणारा स्फोट. दारू जळून झालेला तापलेला वायू एकदम बाहेर फुटण्याऐवजी डब्यातल्या पडद्यांमधून फिरत, थंड होत बाहेर पडतो. आपल्या स्कूटरच्या सायलेन्सरमध्ये हेच होतं.

आकड्यात सांगायचं तर अशा रायफलीचा आवाज नळीशी 160 डेसिबलच्या वर असतो. मॉडरेटर त्यातले पंचवीस-तीस कमी करतो. तीस म्हणजे किरकोळ वाटतं, पण डेसिबलचा हिशेब आपल्या साध्या व्याजासारखा नाही. दर दहाला आवाजाची शक्ती दहापट बदलते. तीस डेसिबल कमी म्हणजे हजारावा भाग. असा क्षणिक आवाज 140 च्या वर गेला की एका दणक्यातसुद्धा कानाचं कायमचं नुकसान होऊ शकतं. ब्रिटनमध्ये 2005 च्या नियमांनी कामाच्या जागेच्या आवाजाची जबाबदारी मालकावर आहे, आणि शिकार हे ज्याचं रोजचं काम आहे त्याचा कान हाही कामगाराचाच कान.

जावयाचे आणखी दोन मुद्दे मला पटले. एक, धक्का आणि आवाज कमी झाला की माणूस घोडा दाबताना दचकत नाही, नेम साधतो, जनावर एका गोळीत जातं. दुसरा, आवाज कुठून आला ते कळपाला चटकन कळत नाही. पहिली गोळी नीट लागली नसेल तर दुसरी लगेच झाडता येते, जखमी हरीण डोंगरभर पळत नाही.

मग त्यानं एक गोष्ट सांगितली आणि नंतर मी तिचा इतिहास वाचून काढला. हायरम मॅक्सिम नावाचा अमेरिकेत जन्मलेला माणूस इंग्लंडमध्ये स्थायिक झाला. 1884 च्या सुमारास त्यानं जगातली पहिली खरी स्वयंचलित मशीनगन बनवली, ती मॅक्सिम गन. आफ्रिकेपासून आपल्या वायव्य सरहद्दीपर्यंत ब्रिटिशांनी ती वापरली. पण गोळीबाराच्या चाचण्या करून करून हा माणूस म्हातारपणी ठार बहिरा झाला. त्याचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम अमेरिकेत राहिला, आणि 1909 मध्ये त्यानंच बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं. बापानं आवाज वाढवला, मुलानं कमी केला. पुढे अमेरिकेत 1934 च्या कायद्यानं सायलेन्सरवर 200 डॉलरचा कर बसवला, त्या काळी ती रक्कम जबर होती. गुन्हेगारांच्या भीतीनं ही वस्तू बदनाम झाली ती झालीच.

1909. माझे तात्या तेव्हा ग्वाल्हेरला रायफली जोखत होते. तोड निघाली होती, त्यांच्यापर्यंत आली नाही. आली असती तरी पाहुण्यांच्या रायफली चालवणाऱ्या नोकराच्या कानासाठी ती कुणी मागवली असती, असं मला वाटत नाही.

त्या रात्री जेवताना मी व्याह्यांच्या डाव्या बाजूला बसलो होतो. मी काहीतरी विचारलं. ते समोर बघत राहिले. पुन्हा विचारलं, तरी तसेच. मनात आलं, सकाळी मी मुलाच्या बाजूनं बोललो म्हणून राग दिसतोय. इतक्यात माझी मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही त्यांच्या उजवीकडे बसा. डावा कान गेलाय त्यांचा. उजव्या हातानं रायफल चालवणाऱ्यांचा डावाच आधी जातो."

कारण साधं आहे. दस्ता उजव्या खांद्याला लावला की मान वळते, डावा कान नळीच्या तोंडाकडे येतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो.

माझा घास हातातच राहिला. डोळ्यासमोर ओटा आला, रस्त्याकडे बघणारे तात्या आले, आणि त्यांच्या डाव्या बाजूला उभा असलेला मी. त्यांनी ऐकलंच नव्हतं. ताठा नव्हता, काही नव्हतं. घरातल्या एकालाही ते कळलं नाही, आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. तेव्हाचे पुरुष सांगत नसत.

मी खुर्ची उचलून व्याह्यांच्या उजवीकडे गेलो आणि त्यांना तात्यांची सगळी हकीकत सांगितली, मुलगी इंग्रजी करून सांगत होती. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले की त्यांना आता नातवाचा आवाज नीट ऐकू येत नाही, पोरांचे बारीक आवाज आधी जातात. मॉडरेटरबद्दल ते काही बोलले नाहीत. पण जावयानं तो लावून घेतला, आणि पुढच्या वेळी रायफल जोखायला व्याही स्वतः बरोबर गेले.

मला कुणी विचारलं तर माझं मत सांगतो. ज्याला हे काम करायचंच आहे त्यानं मॉडरेटर लावावा, परवान्यावर नीट नोंद करून लावावा, आणि वर कर्णरक्षकही घालावेत, कारण उरलेला आवाजही कमी नाही. वजन, लांबी, गंज हा सगळा खर्च दिसणारा आहे, तो सांभाळता येतो. कानाचा खर्च मात्र वीस-तीस वर्षं कुठल्याच वहीत दिसत नाही.

परत आल्यावर मी माझे कान तपासून घेतले, वयाच्या मानानं ठीक आहेत. आपल्यापैकी कुणाच्या घरी शिवपुरीच्या शिकारींचे फोटो, शिकारखात्याचे कागद असतील तर जरूर टाका. हाक्यात, तोफखान्यात, फौजेत असलेले कुणाचे आजोबा-पणजोबा "बोलत नसत" अशी आठवण असेल, तर तीही लिहा. आणि घरात कुणी वडीलधारं माणूस उत्तर देत नसेल, तर एकदा दुसऱ्या बाजूला बसून बोलून बघा.