तीन खिंडी, बाराशे वर्षं

रिआन्योहून सकाळी लवकर निघा. उत्तर स्पेनच्या लिओन प्रांतात, डोंगरांच्या मधोमध, एका जलाशयाच्या काठावर हे गाव आहे. तुम्हाला आज पोतेस गाठायचंय. सरळ रस्त्याने गेलात तर एकच खिंड लागते, पण तुम्ही वाल्देओनच्या दरीतला वळसा निवडलाय. म्हणजे खिंडी तीन: पांदेरुएदास 1,450 मीटर, पांदेत्रावे 1,562 मीटर आणि सान ग्लोरिओ 1,609 मीटर. पुढची प्रत्येक खिंड आधीच्या खिंडीपेक्षा उंच, आणि पुढचा प्रत्येक चढ तुम्हाला काळात आणखी मागे नेणार आहे.

सुरुवातीचा रस्ता पाण्याच्या कडेकडेने जातो. चढ अजून लागलेला नाही. चेनची खरखर आणि तुमचा श्वास, दुसरा आवाज नाही. मागून एखादी मोटार येते, वेग कमी करते आणि तुमच्यापासून लांबून पुढे जाते. सायकलला ओलांडताना निदान दीड मीटर अंतर सोडायचं, असा इथला कायदाच आहे. मग पुन्हा सगळं शांत. असा रस्ता मिळावा म्हणून युरोपभरचे सायकलवाले इथे येतात.

तुम्ही गिअर बदलता आणि पाणी नाहीसं होतं.

जुलै 1987. जलाशयाच्या जागी खोल, हिरवी दरी आहे आणि दरीत जुनं रिआन्यो. हवेत चुन्याची, मोडलेल्या लाकडांची धूळ. बुलडोझर एकेक घर पाडत पुढे सरकताहेत. माणसं छपरांवर चढून बसलीत, खाली ‘ग्वार्दिया सिव्हिल’चे पोलीस उभे आहेत. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत आखलेलं हे धरण लोकशाहीतलं सरकार पुरं करतंय. दरीतली नऊ गावं त्यात सापडली: सात पूर्ण, बुरोन आणि वेगासेर्नेखा अर्धीमुर्धी. त्याच वर्षी 31 डिसेंबरला धरणाचे दरवाजे बंद होतात. पाणी खालच्या सपाटीवरच्या शेतांना जाणार आहे आणि माणसं वाट फुटेल तिकडे. ज्या गावातून तुम्ही सकाळी निघालात, ते वर नव्याने बांधलेलं रिआन्यो.

वेगासेर्नेखा मागे पडतं आणि रस्ता चढू लागतो. बीच वृक्षांचं दाट जंगल दोन्ही बाजूंनी जवळ येतं, ऊन तुकड्यातुकड्यांनी अंगावर पडतं. मांड्या भरून आल्यात. डांबर संपून दगडमाती लागते, तेव्हा तुम्ही अठराव्या शतकातल्या जून महिन्यात आलेले असता.

आधी घंटांचा आवाज येतो, मग वास, मग मेंढ्या. वाट सोडून कडेला उभं राहण्यावाचून इलाज नाही. या मेरिनो मेंढ्या दक्षिणेकडच्या एस्त्रेमादुरातून शेकडो किलोमीटर चालत उन्हाळ्याच्या चराईसाठी वर आल्यात. त्यांची वाट राजाने संरक्षण दिलेली आहे, रुंदी 90 वारा, म्हणजे सुमारे 75 मीटर. आल्फोन्सो दहाव्याने 1273 मध्ये मेंढपाळांच्या संघटनेला, मेस्ताला, सनद दिली. तेव्हापासून या वाटांवर नांगर चालवायला बंदी आहे. हजारभर मेंढ्यांच्या कळपामागे पाचेक मेंढपाळ आणि तेवढेच थोराड कुत्रे. लांडग्याने नरडं धरू नये म्हणून कुत्र्यांच्या गळ्यात काट्यांचे लोखंडी पट्टे आहेत.

मेंढपाळांतले बरेचजण याच डोंगरातले. थंडी पडली की ते कळपांबरोबर दक्षिणेला उतरतात आणि वसंत सरेपर्यंत गावं बायका, पोरं आणि म्हाताऱ्यांच्या जिवावर चालतात. या लोकरीवर स्पेन श्रीमंत झाला. मेरिनोची जोड देशाबाहेर जाऊ नये म्हणून राजांनी फार काळ पहारा ठेवला. पण 1765 मध्ये राजानेच सॅक्सनीला मेरिनो मेंढ्या भेट दिल्या, पुढे नेपोलियनशी झालेल्या युद्धाने कळप उधळले आणि 1836 मध्ये मेस्ताच बरखास्त झाली. डोंगरातली माणसं कमी व्हायला धरणाच्या कितीतरी आधी सुरुवात झाली होती.

पांदेरुएदास. तुम्ही एक पाय टेकवता, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून घेता. समोर ‘पिकोस दे एउरोपा’ची पांढुरकी, चुनखडीची भिंत आणि तिच्या पायथ्याशी वाल्देओनची दरी. उतार लांबलचक आहे. वळणावर नजर पुढे ठेवा, ब्रेक वळणाच्या आधी दाबा.

पोसादा दे वाल्देओनला पोचता तोवर सायकल गायब झालेली असते. पायांत तळाला तीन खुंट असलेले लाकडी जोडे, हातात काठी. वर्ष 1610. चर्चची घंटा वाजतेय, पण प्रार्थनेसाठी नव्हे. लांडगा दिसलाय.

या दरीत लांडग्याच्या शिकारीचे नियम याच वर्षी लिहून काढलेत. घंटा झाली की गावकऱ्यांनी हजर व्हायचं, चुकेल त्याला दंड. तुम्हीही कोरोनाच्या रानाकडे धावता. तिथे लाकडी खांबांची दोन लांब कुंपणं उतारावरून खाली येताना एकमेकांच्या जवळ जवळ येतात आणि टोकाला फांद्यांनी झाकलेला खड्डा आहे. वरून हाकारे ओरडत, काठ्या आपटत लांडग्याला कुंपणांच्या मध्ये ढकलतात. कुंपणालगतच्या छोट्या खोपटांत माणसं श्वास रोखून बसलीत. लांडगा पुढे गेला की एकेकाने बाहेर यायचं आणि मागची वाट बंद करायची. तुम्ही तसेच बाहेर पडता. कुणालाच एकट्याने जमणारं हे काम नाही.

लिओनच्या डोंगरात बरीच कामं अशीच होत. वाट खचली, पूल वाहून गेला की घंटा व्हायची आणि घरटी एक माणूस फावडं घेऊन यायचा. आजच्या डांबराआधीच्या वाटा अशा हातांनी राखल्या. लांडग्यांचा तो सापळा अजून जागेवर आहे, बघून या.

पोसादात परत आलात की आजच्या काळात जेवून घ्या. इथलं निळं चीज वाल्देओनच्याच नावाने विकलं जातं. मॅपलच्या पानांत गुंडाळलेला त्याचा गोळा बघायला मिळाला तर पावाबरोबर खाऊनच पुढे जा. बाहेर लाकडी धान्यकोठ्या दगडी पायांवर उभ्या आहेत. उंदरांना वर चढता येऊ नये म्हणून पायांच्या माथ्यावर सपाट दगडी चकत्या बसवल्यात.

पांदेत्रावेचा चढ सांता मारीनातून जातो आणि जेवणानंतर अंगावर येतो. पलीकडे पोर्तिया दे ला रेइनापर्यंत उतार, तिथे मोठ्या रस्त्याला लागायचं आणि शेवटची खिंड चढायची. सान ग्लोरिओला पाण्याची बाटली रिकामी होते, पण आता पोतेसपर्यंत तेराशे मीटरांहून जास्त उतरायचंय. गवताळ माळ जातो, बीच येतात, मग ओक, मग चेस्टनट. हवा उबदार होत जाते. ही लिएबानाची दरी.

आता वर्ष 776. डोंगरांच्या दक्षिणेला अरबांची सत्ता येऊन साठ-पासष्ट वर्षं झालीत. दरीत जिकडेतिकडे माणसं: नव्या झोपड्या, नुकतीच तोडलेली झाडं, नांगरलेले उतार. जुने बखरकार सांगतात की राजा आल्फोन्सो पहिल्याने सपाटीवरचे ख्रिस्ती लोक उत्तरेला आणले आणि लिएबानासारख्या दऱ्या वसवल्या. वरच्या मठात बेआतो नावाचा साधू बायबलच्या शेवटच्या ग्रंथावर, जगाच्या अंताच्या दृष्टान्तांवर, भाष्य लिहितोय. त्याची मूळ प्रत आज उरलेली नाही. पण पुढच्या शतकांत झालेल्या नकलांमधली लाल-पिवळी, धगधगती चित्रं मध्ययुगीन कलेत अजोड मानली जातात. सपाटी ओस पडली आणि डोंगर भरला, त्या काळचं हे पुस्तक.

विसाव्या शतकात हेच उलट झालं. डोंगरातली तरुण पिढी कारखान्यांकडे, शहरांकडे उतरली. मार्च 2019 मध्ये अशा ओसरत्या भागांतले हजारो लोक माद्रिदच्या रस्त्यांवर आले. शाळा, दवाखाना, आगगाडी आम्हालाही हवी, एवढीच त्यांची मागणी होती.

पोतेसमध्ये सायकल भिंतीला टेकवा. बारीक हरभरे, कोबी आणि मांस घालून शिजवलेलं ‘कोसिदो’ मागवा. इथून पुढे दरी जिथे संपते त्या फुएन्ते देला 5 सप्टेंबर 2012 रोजी सायकलपटू आल्बेर्तो कोन्तादोरने होआकिम रोद्रिगेसला मागे टाकून ‘व्हुएल्ता’ शर्यतीतली आघाडीवीराची लाल जर्सी हिसकावली. त्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही कडांना गर्दी होती. एरवी असते ती तुम्ही दिवसभर अनुभवलेली शांतता, आणि तिची किंमत इथल्या गावांनी मोजली आहे.

म्हणून खरंच जाल तेव्हा एका दिवसात तिन्ही खिंडी उरकून शहरात परतू नका. जून किंवा सप्टेंबर निवडा, हिवाळ्यात खिंडींवर बर्फ असतो. वाल्देओनमध्ये मुक्काम करा, चीज गावातूनच घ्या, जेवण गावातल्या खानावळीत घ्या. पुढच्या सायकलवाल्याला तिथे पाणी, पाव आणि उघडं दार मिळायचं असेल, तर गावात माणसं राहायला हवीत.