जुनं संसद भवन : ब्रिटिशांचं कौन्सिल हाऊस ते आजचं संविधान सदन

दिल्लीची ती गोल इमारत आणि तिच्याभोवतीची खांबांची रांग शाळेच्या पुस्तकात, टीव्हीच्या बातम्यांत सगळ्यांनीच पाहिली आहे. १९ सप्टेंबर २०२३ पासून देशाचं संसदीय कामकाज शेजारच्या नव्या इमारतीत चालतं. जुन्या संसद भवनाला आता ‘संविधान सदन’ म्हणतात.

महाराष्ट्र राज्य स्थापन करणारा कायदा याच गोल इमारतीत मंजूर झाला. ग्रामपंचायतीला घटनेत स्थान देणारी दुरुस्ती, अठराव्या वर्षी मतदानाचा हक्क, माहितीचा अधिकार, वनहक्क कायदा हे सगळंही इथलंच. तिच्या आवारातला महात्मा गांधींचा प्रसिद्ध पुतळा धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर गावात जन्मलेल्या शिल्पकाराने घडवलेला आहे. या इमारतीचा जवळपास शंभर वर्षांचा प्रवास पाहू.

इमारत उभी का राहिली?

१२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली. नवी दिल्ली वसवण्याचं काम एडविन लुटियन्स आणि हर्बर्ट बेकर या दोन वास्तुविशारदांकडे आलं. मूळ आराखड्यात कायदेमंडळासाठी एवढी मोठी स्वतंत्र इमारत नव्हती. पण १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर केंद्रीय कायदेमंडळाची दोन सभागृहं झाली. सोबतच संस्थानिकांसाठी नरेंद्र मंडळ आलं. या तिघांना बसायला जागा हवी होती, म्हणून ही इमारत.

आकारावरून दोन्ही वास्तुविशारदांचं जमेना. बेकर यांच्या मनात तीन बाजूंना तीन सभागृहं असलेली त्रिकोणी इमारत होती, तर लुटियन्स यांना गोल इमारत हवी होती. शेवटी गोल आकार ठरला आणि इमारतीचं काम बेकर यांनी पाहिलं. १२ फेब्रुवारी १९२१ रोजी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या हस्ते पायाभरणी झाली. सहा वर्षांत काम पूर्ण झालं आणि १८ जानेवारी १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी उद्घाटन केलं. त्या काळी खर्च आला ८३ लाख रुपये. नाव होतं ‘कौन्सिल हाऊस’.

रचना कशी आहे?

मधोमध सेंट्रल हॉल, म्हणजे मध्यवर्ती सभागृह. त्याच्या तीन बाजूंना अर्धवर्तुळाकार तीन सभागृहं. त्यांच्यामध्ये मोकळी अंगणं आणि बागा. या सगळ्याला बाहेरून गोल इमारतीचा वेढा. साधी तुलना करायची तर मधे चौक सोडून बांधलेल्या जुन्या वाड्यासारखीच कल्पना, फक्त आकार गोल आणि पसारा कितीतरी मोठा.

इमारतीचा व्यास ५६० फूट आहे आणि ती सुमारे सहा एकरांवर पसरली आहे. बाहेरच्या व्हरांड्याला १४४ खांब असून प्रत्येकाची उंची २७ फूट आहे. आत जायला १२ दरवाजे. सेंट्रल हॉलच्या घुमटाचा व्यास ९८ फूट, तर उंची ११८ फूट. घुमट इतका उंच की छताला पंखे टांगणं सोयीचं नव्हतं. म्हणून इथले पंखे जमिनीवरून वर आलेल्या खांबांवर उलटे बसवलेले आहेत. पाहणाऱ्याला ते आधी चमत्कारिकच वाटतं.

आराखडा इंग्रजांचा असला तरी बांधकामात दगडी जाळ्या, छज्जे असे भारतीय घटक भरपूर आहेत. १९५६ मध्ये जागा कमी पडू लागली म्हणून वर दोन मजले चढवले गेले.

चौसष्ट योगिनी मंदिराची नक्कल?

मध्य प्रदेशातल्या मोरेना जिल्ह्यात मितावली गावाजवळ टेकडीवर चौसष्ट योगिनींचं गोल मंदिर आहे. संसद भवन त्यावरूनच बांधलं, असे मेसेज व्हॉट्सॲपवर नेहमी फिरतात. दोन्ही वास्तू गोल आहेत आणि दोन्हींना खांबांची रांग आहे, हे खरं. पण लुटियन्स किंवा बेकर यांनी ते मंदिर समोर ठेवून आराखडा केल्याचा कागदोपत्री पुरावा पुढे आलेला नाही. त्यामुळे साम्य आहे एवढंच म्हणता येतं. ‘नक्कल आहे’ हे खात्रीने सांगता येत नाही.

बॉम्ब, पत्रकं आणि दोन तरुण

उद्घाटनाला सव्वादोन वर्षं झाली होती. ८ एप्रिल १९२९ रोजी केंद्रीय विधिमंडळाची बैठक सुरू होती. अध्यक्षस्थानी विठ्ठलभाई पटेल होते. कामगारांच्या संपांवर बंधनं आणणारं ट्रेड डिस्प्यूट्स विधेयक आणि सरकारला दडपशाहीचे अधिकार देणारं पब्लिक सेफ्टी विधेयक हे त्या दिवसांतले वादाचे विषय होते. प्रेक्षकांच्या गॅलरीतून भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी रिकाम्या बाकांच्या दिशेने दोन बॉम्ब टाकले, पत्रकं उधळली आणि घोषणा दिल्या. कुणाचा जीव घ्यायचा त्यांचा हेतू नव्हता. पळून जायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. खटल्याच्या निमित्ताने आपलं म्हणणं देशापुढे मांडता यावं, यासाठी त्यांनी जागेवरच अटक करवून घेतली. हेच सभागृह पुढे लोकसभेचं झालं.

इथेच राज्यघटना तयार झाली

सेंट्रल हॉल आधी कायदेमंडळाच्या सदस्यांचं वाचनालय होता. १९४६ मध्ये पुस्तकं हलवून तो संविधान सभेसाठी सज्ज करण्यात आला. ९ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेची पहिली बैठक झाली. दोन दिवसांनी डॉ. राजेंद्र प्रसाद अध्यक्ष म्हणून निवडले गेले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुरुवातीला बंगालमधून संविधान सभेवर गेले होते. फाळणीमुळे ती जागा गेली. तेव्हा बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या राजीनाम्याने मुंबई प्रांतातली जागा रिकामी झालेली होती. बाबासाहेब त्या जागेवर निवडून आले. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांनी मसुदा सभेपुढे मांडला. त्यानंतर एकेका कलमावर चर्चा झाली. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी राज्यघटना स्वीकारली गेली. २४ जानेवारी १९५० रोजी याच हॉलमध्ये सदस्यांनी तिच्या प्रतींवर सह्या केल्या.

१४ ऑगस्ट १९४७ ची मध्यरात्रही याच हॉलने पाहिली. रात्री ११ वाजता बैठक सुरू झाली. सुचेता कृपलानी यांनी ‘वंदे मातरम्’ गायलं आणि पंडित नेहरूंचं ते गाजलेलं भाषण झालं.

सर्वोच्च न्यायालयही इथेच होतं

फारशी कुणाला माहीत नसलेली गोष्ट म्हणजे देशाचं सर्वोच्च न्यायालय काही वर्षं याच इमारतीत चालायचं. नरेंद्र मंडळाच्या सभागृहात १९३७ ते १९५० फेडरल कोर्ट बसत होतं. २८ जानेवारी १९५० रोजी तिथेच सर्वोच्च न्यायालयाचं उद्घाटन झालं. १९५८ मध्ये न्यायालय आताच्या टिळक मार्गावरच्या इमारतीत गेलं. संस्थानिकांचा हा दालन पुढे खासदारांच्या वाचनालयासाठी वापरला गेला. म्हणजे ज्या छताखाली राजे-महाराजे बसायचे, तिथे आधी न्यायाधीश आणि मग पुस्तकं आली.

मावळणकरांपासून सुरुवात

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर १३ मे १९५२ रोजी लोकसभा आणि राज्यसभा यांच्या पहिल्या बैठका झाल्या. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर. जन्म बडोद्याचा, कर्मभूमी अहमदाबाद, पण घराणं मूळ रत्नागिरी जिल्ह्यातलं. ‘दादासाहेब’ या नावाने ते ओळखले जात. सभागृह कसं चालवावं, अध्यक्षाने पक्षापासून किती लांब राहावं, याचे पायंडे त्यांनी घालून दिले. पुढे शिवराज पाटील चाकूरकर आणि मनोहर जोशी यांनीही लोकसभेचं अध्यक्षपद सांभाळलं.

लोकसभेत हिरवा गालिचा आणि राज्यसभेत लाल, ही ओळख इथलीच. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार विश्वासदर्शक ठरावात अवघ्या एका मताने पडलं, तेही याच सभागृहात. बाजूने २६९, विरोधात २७०. ‘एका मताने काय होतंय’ असं म्हणणाऱ्याला आजही हेच उदाहरण दिलं जातं.

गावापर्यंत पोहोचलेले कायदे

- १९६० : मुंबई राज्य पुनर्रचना कायदा. १ मे रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्यं झाली.
- १९८८ : ६१ वी घटनादुरुस्ती. मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. अंमल १९८९ पासून.
- १९९२ : ७३ वी घटनादुरुस्ती. ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली, पंचायतीच्या निवडणुका नियमित झाल्या आणि महिलांना किमान एकतृतीयांश आरक्षण मिळालं. अंमल २४ एप्रिल १९९३ पासून.
- २००५ : माहितीचा अधिकार. त्याच वर्षी ग्रामीण रोजगार हमीचा केंद्रीय कायदा झाला. त्याआधी महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळापासून रोजगार हमीची कामं सुरू होती आणि राज्याचा स्वतःचा कायदाही होता. तो अनुभव देशाच्या कायद्याला उपयोगी पडला.
- २००६ : वनहक्क कायदा. साक्री, शिरपूरसारख्या आदिवासी पट्ट्यात जमिनीचे दावे याच कायद्याखाली केले जातात.

१३ डिसेंबर २००१

त्या दिवशी सकाळी पाच दहशतवादी पांढऱ्या ॲम्बेसेडर गाडीतून आवारात घुसले. गाडीवर गृहखात्याचं खोटं स्टिकर होतं. दोन्ही सभागृहांचं कामकाज थोड्याच वेळापूर्वी तहकूब झालं होतं, तरी अनेक खासदार आतच होते. गाडीचा संशय येताच सीआरपीएफच्या कॉन्स्टेबल कमलेश कुमारी यांनी आरडाओरडा करून सगळ्यांना सावध केलं. त्यात त्यांना गोळ्या लागून वीरमरण आलं. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र देण्यात आलं. इतर सुरक्षा कर्मचारी आणि एक माळी यांचाही बळी गेला. पाचही हल्लेखोर मारले गेले, पण एकालाही इमारतीच्या आत शिरता आलं नाही. त्यानंतर संसदेच्या आवारातली सुरक्षा पूर्वीसारखी मोकळी राहिली नाही.

आवारातले पुतळे

बाबासाहेबांचा पुतळा इथे १९६७ मध्ये बसला. २००३ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा फुले यांचे, तर २००९ मध्ये राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा उभा राहिला. सेंट्रल हॉलमध्ये लोकमान्य टिळकांचं तैलचित्र १९५६ पासून आहे. बाबासाहेबांचं तैलचित्र मात्र तिथे लागायला १९९० साल उजाडलं.

ध्यानस्थ बसलेल्या महात्मा गांधींचा मोठा पुतळा २ ऑक्टोबर १९९३ रोजी बसवण्यात आला. त्याचे शिल्पकार राम सुतार. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर इथे १९२५ मध्ये सुतारकाम करणाऱ्या घरात त्यांचा जन्म झाला. नर्मदाकाठचा सरदार पटेलांचा ‘स्टॅच्यू ऑफ युनिटी’ ही त्यांचीच कलाकृती. संसदेतल्या गांधी पुतळ्यासमोर फलक घेऊन बसणं ही सगळ्याच पक्षांच्या खासदारांची रीत झाली. सरकार बदललं की आंदोलनाला बसणारे बदलायचे, जागा मात्र तीच.

नव्या इमारतीत का जावं लागलं?

जुनी इमारत बांधली तेव्हा ५४३ खासदार, त्यांचा कर्मचारीवर्ग, वातानुकूलन, संगणक, कॅमेरे यातलं काहीच गृहीत धरलेलं नव्हतं. बाकं दाटीवाटीची होती. आगीपासूनची सुरक्षा, भूकंप आणि जुन्या वाहिन्या यांचा प्रश्न वारंवार पुढे येत होता. शिवाय मतदारसंघांची फेररचना झाली तर खासदार वाढणार, मग त्यांना बसवायचं कुठे, हाही मुद्दा होता. दुसरीकडे एवढा खर्च करण्यापेक्षा जुन्या इमारतीचीच दुरुस्ती करावी, असं म्हणणाराही मोठा वर्ग होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयाने प्रकल्पाला परवानगी दिली.

१० डिसेंबर २०२० रोजी नव्या इमारतीची पायाभरणी झाली होती. २८ मे २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तिचं उद्घाटन केलं. नव्या लोकसभेत ८८८ आणि राज्यसभेत ३८४ जागांची सोय आहे. १८ सप्टेंबर २०२३ रोजी जुन्या इमारतीत शेवटची बैठक झाली. दुसऱ्या दिवशी सेंट्रल हॉलमधल्या कार्यक्रमानंतर खासदार नव्या इमारतीत गेले आणि त्याच दिवशी तिथे महिला आरक्षणाचं विधेयक मांडलं गेलं.

आज काय स्थिती आहे?

जुनी इमारत पाडलेली नाही. राज्यघटना स्वीकारल्याला ७५ वर्षं पूर्ण झाली, तेव्हा २६ नोव्हेंबर २०२४ चा मुख्य कार्यक्रम याच सेंट्रल हॉलमध्ये झाला.

पुतळ्यांची जागा मात्र बदलली. जून २०२४ मध्ये गांधीजी, बाबासाहेब, शिवाजी महाराज, महात्मा फुले यांच्यासह आवारातले पुतळे ‘प्रेरणा स्थळ’ या एकाच ठिकाणी नेण्यात आले. पुतळे वेगवेगळ्या कोपऱ्यांत असल्याने लोकांना नीट पाहता येत नव्हते, असं संसदेच्या बाजूने सांगण्यात आलं. विरोधी पक्षांचा आक्षेप होता की विचारविनिमय न करता हे झालं आणि आंदोलनाची ठरलेली जागाही गेली. दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम आहेत.

इमारत मात्र जागेवरच आहे. सातवी-आठवीच्या नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांना हिचं चित्र दाखवताना ‘जुनी संसद’ एवढंच न सांगता, ज्या राज्यघटनेची उद्देशिका ती रोज परिपाठात म्हणतात ती याच छताखाली कलमागून कलम ठरत गेली, हेही सांगायला हवं.

थोडक्यात

- पायाभरणी : १२ फेब्रुवारी १९२१
- उद्घाटन : १८ जानेवारी १९२७
- वास्तुविशारद : एडविन लुटियन्स, हर्बर्ट बेकर
- खर्च : ८३ लाख रुपये
- खांब : १४४, दरवाजे : १२
- संविधान सभेची पहिली बैठक : ९ डिसेंबर १९४६
- संसदेचं शेवटचं कामकाज : १८ सप्टेंबर २०२३
- आताचं नाव : संविधान सदन