गिटारची सुटी दांडी आणि नवशिक्या कारागीर : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वाद्यांचा इतिहास बहुतांशी वादकांच्या आणि रचनाकारांच्या अंगाने लिहिला गेला आहे. वाद्य कोणी घडविले, घडविण्याची विद्या त्याला कोठून मिळाली आणि ती मिळविण्याचा अधिकार कोणाला होता, हे प्रश्न त्या मानाने मागे पडले. इलेक्ट्रिक गिटारच्या बाबतीत या प्रश्नांचे उत्तर तिच्या एका भागात दडलेले आहे. तो भाग म्हणजे नेक, अर्थात दांडी. विसाव्या शतकाच्या मध्यास ही दांडी धडापासून स्क्रू काढून वेगळी करता येऊ लागली आणि त्यानंतरच्या काही दशकांत, कोणत्याही कार्यशाळेत उमेदवारी न केलेला माणूस घरी बसून बदली दांडी बनवू लागला. प्रस्तुत लेखात या बदलाचा मागोवा घेतला आहे.

लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१. गिटारच्या सुट्या दांडीच्या विकासाचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२. या रचनेमुळे कारागिरीच्या ज्ञानाचे कोणते अंश सर्वांसाठी खुले झाले हे तपासणे.
३. कोणते अंश हाताच्या अनुभवावरच अवलंबून राहिले याचा विचार करणे.

लेखासाठी दुय्यम साधनांचा व ऐतिहासिक-विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

पूर्वपीठिका : घडविण्याचा अधिकार कोणाचा?

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सॅक्सनीतील मार्कनॉयकिर्शेन या गावी एक वाद उभा राहिला. गिटार बनविण्याचा अधिकार आपलाच आहे, सुतारकाम करणाऱ्या फर्निचरकारांच्या श्रेणीने त्यात हात घालू नये, असे व्हायोलिनकारांच्या श्रेणीचे म्हणणे होते. फर्निचरकारांनी आपला हक्क यशस्वीपणे राखला. तथापि त्याच श्रेणीतील ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन (जन्म १७९६) याला ही व्यवस्था जाचक वाटली आणि १८३३ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. त्याने स्थापन केलेली कंपनी आजही गिटार बनविते. कोणत्या हातांनी कोणते लाकूड कापावे हे श्रेणी ठरवीत असे, ही बाब या वादातून स्पष्ट होते.

दांडी सुटी असण्याची कल्पनाही याच परंपरेत आढळते. व्हिएन्नाचा योहान गेओर्ग श्टाउफर याच्या गिटारींमध्ये दांडीच्या मुळाशी किल्लीने फिरविण्याचा स्क्रू असे आणि त्याद्वारे दांडीचा कोन बदलता येई. मार्टिनच्या आरंभीच्या गिटारींतही ही योजना होती. पुढे मात्र खाचेत घट्ट बसवून सरसाने चिकटविलेली दांडी रूढ झाली. अशी दांडी काढणे हे कुशल कारागिराचेच काम होय.

दुसरी महत्त्वाची सुधारणा गिब्सन कंपनीत झाली. तारांच्या ताणाने दांडी पुढे वाकते. विजेच्या गिटारवर सहा तारांचा एकत्रित ताण सर्वसाधारणपणे ४५ किलो वजनाइतका भरतो. हे वाकणे आवरण्यासाठी दांडीच्या पोटात पोलादी सळई बसवून ती नटाने आवळण्याची युक्ती थॅडियस मॅकह्यू याने काढली. तिला १९२३ मध्ये पेटंट मिळाले. ट्रस रॉड म्हणून ओळखली जाणारी ही सळई आज जवळजवळ प्रत्येक इलेक्ट्रिक गिटारमध्ये असते.

दुरुस्तीकाराची दृष्टी : फेंडरची रचना

लिओ फेंडर (१९०९–१९९१) हा वाद्यकारांच्या घराण्यातला नव्हता आणि त्याला गिटार वाजविताही येत नसे. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे तो १९३८ पासून रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवी. नादुरुस्त भाग काढावा आणि त्या जागी नवा बसवावा, हा रेडिओ दुरुस्तीचा न्याय त्याने गिटारला लावला. १९५० मध्ये त्याच्या कंपनीने बाजारात आणलेल्या गिटारचे धड म्हणजे लाकडाची सपाट फळी होती. तिच्यात कोरलेल्या खोबणीत मेपलची दांडी ठेवून मागून चार स्क्रूंनी आवळलेली असे. हीच गिटार १९५१ पासून टेलिकास्टर या नावाने प्रसिद्ध झाली. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्येही हीच पद्धत होती. रिकनबॅकर कंपनीच्या १९३५ च्या बेकेलाइट गिटारची दांडीदेखील काढता येत असे. त्यामुळे या कल्पनेचे जनकत्व सर्वस्वी फेंडरकडे देता येत नाही. मात्र कारखान्यातील मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाशी तिची सांगड घालण्याचे श्रेय त्याचेच आहे.

यावरून दांडी आता केवळ यंत्राचे अपत्य झाली, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. १९५० च्या दशकातील अनेक फेंडर दांड्यांच्या मुळाशी पेन्सिलीने लिहिलेली तारीख व आद्याक्षरे आढळतात. त्यांपैकी ‘टी. जी.’ ही अक्षरे टाडेओ गोमेझ या कामगाराची होत. दांडीला अखेरचा आकार अशा कामगारांच्या हातून मिळे. स्क्रू काढल्याशिवाय ही अक्षरे दिसत नाहीत. सुट्या भागांच्या उत्पादनातही कारागीर होता, पण त्याचे नाव सांध्याच्या आत झाकलेले होते, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी आहे.

बदली दांडीचा बाजार व घरगुती कारागीर

एकदा खोबणीचे माप ठरले की त्या मापाची दांडी कोणीही बनवू शकतो. फेंडरच्या दांडीचे मूळ सुमारे ५६ मिलिमीटर रुंद असते. हे माप व्यवहारात एक सार्वत्रिक प्रमाण बनले. कॅलिफोर्नियात १९७६ मध्ये सुरू झालेली शेक्टर ही कंपनी आरंभी बदली दांड्या व धडे पुरवीत असे. याच सुमारास एडी व्हॅन हेलनने ५० डॉलरचे धड आणि ८० डॉलरची दांडी घेऊन स्वतःची गिटार जुळविली. त्याआधी १९७० मध्ये एरिक क्लॅप्टनने तीन जुन्या स्ट्रॅटोकास्टरचे उत्तम भाग एकत्र करवून ‘ब्लॅकी’ ही गिटार सिद्ध केली होती. २००४ च्या लिलावात तिला ९,५९,५०० डॉलर किंमत आली.

जुळविणे आणि घडविणे यांत अर्थातच अंतर आहे. घडविण्याचे सर्वांत बोलके उदाहरण ब्रायन मे याचे होय. १९६३ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याने वडिलांच्या मदतीने गिटार बनवायला घेतली. दांडीसाठी शंभर वर्षांहून जुन्या शेगडीच्या चौकटीचे महोगनी लाकूड वापरले, त्यातील किडीची भोके आगकाड्यांनी बुजविली आणि स्वरस्थानांच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्याची बटणे बसविली. दोघांपैकी कोणीही व्यवसायाने वाद्यकार नव्हते. हीच गिटार पुढे ‘क्वीन’ या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणांत अखेरपर्यंत वाजत राहिली.

ज्ञानप्रसाराची साधनेही याच काळात वाढली. १९७२ मध्ये गिल्ड ऑफ अमेरिकन ल्युथिअर्स ही संस्था स्थापन झाली. तिचे नाव जुन्या श्रेणीचे असले तरी कार्य नेमके उलट, म्हणजे कारागिरीची गुपिते छापून वाटण्याचे होते. १९८६ मध्ये मेल्विन हिस्कॉक यांचे इलेक्ट्रिक गिटार स्वतः बनविण्यावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. मार्कनॉयकिर्शेनच्या श्रेणीने जे कुंपण घातले होते, ते अशा प्रयत्नांतून मोडले गेले.

कोष्टक आणि हात : नवशिक्यापुढील दोन प्रकारचे ज्ञान

नवशिक्याला दांडी बनविणे शक्य का झाले, याचे एक कारण गिटारच्या पडद्यांत आहे. सतारीचे पडदे दांडीवर दोऱ्याने बांधलेले असतात. ते सरकविता येतात आणि त्यांची जागा अखेर कानच ठरवितो. गिटारचे पडदे खाचेत ठोकून कायमचे बसविले जातात. त्यामुळे जागा आधीच गणिताने ठरवावी लागते. व्हिन्चेन्झो गॅलिली (गॅलिलिओचे वडील) यांनी १५८१ मध्ये ल्यूटच्या पडद्यांसाठी १८:१७ हे गुणोत्तर सुचविले होते. या नियमाने ६४८ मिलिमीटर लांबीच्या तारेवर बारावा पडदा मध्यबिंदूपासून सुमारे २.४ मिलिमीटर चुकतो. दोनच्या बाराव्या मुळावर आधारलेला १७.८१७ हा भाजक घेतल्यास ही चूक राहत नाही. पहिला पडदा ३६.३७ मिलिमीटरवर, दुसरा त्यापुढे ३४.३३ मिलिमीटरवर आणि बारावा बरोबर ३२४ मिलिमीटरवर येतो. येथे कानाचे ज्ञान कोष्टकात उतरले, आणि कोष्टक कोणालाही वाचता येते.

मात्र पुढील कामे कोष्टकात मावत नाहीत. लाकडाच्या रेषा पाहून फळी निवडणे, सळईसाठी सरळ चर पाडणे, रंधा व कानशीने पाठीला गोलाई देणे, सर्व पडदे एका पातळीत आणणे, ही ती कामे होत. पाठीची गोलाई किती असावी हे तळहात सांगतो. एक घाव अधिक पडला तर लाकूड परत येत नाही. डेव्हिड पाय यांनी १९६८ मध्ये कारागिरीचे ‘जोखमीची’ व ‘निश्चितीची’ असे दोन प्रकार मांडले. सुटी दांडी ही दोन्हींच्या सीमेवर उभी आहे. तिचे चार स्क्रू व ठरलेले मूळ निश्चितीचे आहेत, तर तिची पाठ जोखमीची आहे. शिवाय बिघडलेली दांडी फेकून दुसरी घेता येते आणि संपूर्ण वाद्य वाया जात नाही. म्हणजेच सुट्या रचनेने जोखीम नाहीशी केली नाही, नवशिक्याला परवडेल इतकी ती लहान केली. लेखाचा हा मध्यवर्ती मुद्दा आहे.

या संदर्भात मिरजेची आठवण होणे स्वाभाविक आहे. तेथील सतार व तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथे ही विद्या प्रामुख्याने घराण्यातून, वडिलांच्या शेजारी बसून मिळत आली आहे. अशा शिक्षणाची खोली पुस्तकाला येत नाही, परंतु घराबाहेरील मुलाला तेथे प्रवेश दुर्मिळ असतो. दोन्ही व्यवस्थांचे गुणदोष एकमेकींच्या प्रकाशात पाहावे लागतात.

लाकडाचा प्रश्नही दुर्लक्षून चालणार नाही. गिटारच्या पट्टीसाठी आपल्या सह्याद्रीत वाढणारी शिसव जगभर वापरली जाते. साइट्स करारान्वये २ जानेवारी २०१७ पासून डालबर्जिया प्रजातीतील सर्वच जातींच्या व्यापारावर नियंत्रण आले. तयार वाद्यांना २०१९ मध्ये त्यातून सूट मिळाली. घडविण्याचा अधिकार खुला होताना झाडाचा हिशेबही ठेवावा लागतो.

निष्कर्ष

१. गिटारची सुटी दांडी ही नवी कल्पना नसून, जुन्या कल्पनेला दुरुस्तीकाराच्या दृष्टीची व कारखान्याच्या मापाची जोड मिळाल्याने ती प्रभावी ठरली.
२. प्रमाणित मापे, गणिती कोष्टके व छापील मार्गदर्शन यांमुळे घडविण्याचा अधिकार श्रेणीकडून व्यक्तीकडे आला.
३. हस्तकौशल्याची गरज संपली नाही. ते शिकताना होणाऱ्या चुकीची किंमत तेवढी कमी झाली.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने व्यावसायिक शिक्षणास मध्यवर्ती स्थान दिले आहे. महाविद्यालयात कौशल्याचे अभ्यासक्रम आखताना साधने व व्याख्याने यांचा विचार आपण करतोच. विद्यार्थ्याला चुकता येईल, बिघडलेला भाग बाजूला ठेवून दुसरा हाती घेता येईल, अशी सोय आपल्या रचनेत आहे काय, हा प्रश्नही या इतिहासाच्या आधारे विचारावयास हवा.