शपथ आणि पडदा

न्यायालयांत उभ्या राहणाऱ्या मुलाविषयीं कायद्यानें शतकानुशतकें एकच चिंता वाहिली: हें मूल खोटें तर बोलणार नाहीं ना? न्यायालयापासूनच त्या मुलास कांहीं इजा पोहोंचते कीं काय, हा प्रश्न फार उशिरां विचारला गेला. या दोन प्रश्नांमधलें अंतर पाहावयाचें तर १७७९ सालच्या इंग्लंडांत जावें लागतें.

तेथें ब्रेझियर नांवाच्या इसमावर, सात वर्षांहून लहान अशा मुलीवर अत्याचाराच्या हेतूनें हल्ला केल्याचा आरोप होता. मुलीस साक्षीला उभें केलेंच नाहीं. तिनें घरीं येऊन जें सांगितलें, तें तिच्या आईनें न्यायालयास सांगितलें. प्रश्न बारा न्यायाधीशांपुढें गेला. त्यांनीं ठरविलें कीं, साक्षीस वयाची अट नाहीं, मुलास शपथेचा अर्थ कळला म्हणजे पुरे. परंतु शपथेवांचून साक्ष नाहीं, आणि आईच्या तोंडची हकीगत तर मुळींच ग्राह्य नाहीं. आरोपीस माफी मिळाली. पुढें येणाऱ्या मुलांना या निर्णयानें साक्षीचा मार्ग मोकळा झाला खरा. पण जिच्या खटल्यांत तो दिला गेला, तिचें म्हणणें कोणी ऐकलेंच नाहीं.

आमच्याकडील १८७२ चा पुरावा कायदा अधिक समंजस निघाला. प्रश्न कळतो काय, आणि सुसंगत उत्तर देतां येतें काय, एवढेंच पाहण्यास ११८ व्या कलमानें सांगितलें. (त्याचा मसुदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या इंग्रजाचाच, हेंहि नमूद केलें पाहिजे, मायदेशीं जें त्याला साधलें नाहीं, तें येथें साधलें.) तरी न्यायाधीशांच्या मनांतील शंका सहजासहजीं गेली नाहीं. राजस्थानांतील रामेश्वर खटल्यांत अत्याचार झालेली मुलगी आठ वर्षांची. तिला शपथ उमगणार नाहीं म्हणून ती दिली नव्हती. आरोपी दोषी असल्याची सत्र न्यायाधीशांची मनोमन खात्री होती. पण कायद्याला हवा तसा दुजोरा नाहीं, म्हणून त्यांनीं त्यास सोडून दिलें! उच्च न्यायालयानें शिक्षा पुन्हां कायम केली, आणि १९५१ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें ती उचलून धरली. निकाल लिहिला न्या. व्हिव्हियन बोस यांनीं. हे पूर्वीं नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. शपथ न दिल्यानें साक्ष बाद होत नाहीं, दुजोरा हा सावधगिरीचा नियम आहे, कायद्याची अट नव्हे, असें त्यांनीं स्पष्ट केलें. आणि या खटल्यांत दुजोरा कशाचा मानला? मुलीनें आईपाशीं जें सांगितलें, त्याचाच. १७७९ सालीं आईचा जो शब्द बाहेर टाकला गेला, तोच येथें मुलीच्या पाठीशीं उभा राहिला.

परंतु मुलाचें खरें मानणें निराळें आणि मुलाला जपणें निराळें. समोर आरोपी उभा, भोंवतीं अनोळखी माणसें आणि वकिलाचा चढा आवाज, या स्थितींत मोठ्यांचीहि वाचा बसते. याची दखल २००४ च्या ‘साक्षी’ खटल्यांत घेतली गेली: आरोपी दिसूं नये म्हणून पडदा असावा, घटनेविषयींचे उलटतपासणीचे प्रश्न लेखी देऊन न्यायाधीशांनीं ते विचारावे, मधून मधून विश्रांति द्यावी. २०१२ च्या बालसंरक्षण कायद्यानें याहून पुढें जाऊन दोन्ही पक्षांचे सर्वच प्रश्न न्यायाधीशांच्या मुखें विचारण्याचें ठरविलें, आणि मुलास वारंवार न्यायालयांत बोलावण्यास मनाई केली.

यानें आरोपीचा बचावाचा हक्क पंगु होतो, असा एक आक्षेप आहे. तो हलका नाहीं; निरपराध मनुष्य मुलाच्या साक्षीवर तुरुंगांत जाऊं शकतो. पण प्रश्न येथें बंद झालेले नाहींत, केवळ त्यांचा आवाज बदलला आहे. भेदरलेल्या मुलाच्या तोंडून निघालेली विसंगति सत्याची कसोटी मानावी, हें आम्हांस कधींच पटलेलें नाहीं.

अशा साक्षीदारांसाठीं प्रत्येक उच्च न्यायालयाच्या क्षेत्रांत निदान दोन स्वतंत्र केंद्रें असावींत, असा आदेश २०१७ सालीं महाराष्ट्र सरकारच्याच एका अपिलांत झाला. मुलाची साक्ष तीस दिवसांत नोंदवावी, असें २०१२ च्या कायद्याचें ३५ वें कलम सांगतें. विलंब झाल्यास कारण लिहून ठेवावें, असेंहि तेंच कलम सांगतें. आणि न्यायालयाच्या पायऱ्या झिजविणाऱ्या आईबापांच्या वांट्यास बहुधा हें दुसरें वाक्यच येतें.