लोखंडी नळींतील हिरे

बंद नळींत द्रवाची उष्णता व दाब वाढवीत नेले, तर अशी एक सीमा येते कीं, तिच्यापलीकडे द्रव आणि वायु हा भेदच उरत नाहीं. फ्रान्समध्यें कान्यार द ला तूर यांनीं १८२२ सालीं ही सीमा प्रथम ओळखली. कार्बन डायॉक्साइडची सीमा सुमारें ३१ अंश सेंटिग्रेडवर असल्याचें अँड्र्यूज यांनीं १८६९ सालीं दाखविलें.

या अवस्थेंत घन पदार्थही विरघळतात, असें १८७९ सालीं ग्लासगोच्या हॅने व होगार्थ यांस आढळलें. मग कार्बन विरघळवून त्याचा हिरा कां होऊं नये? हॅने यांनीं पॅराफिन, हाडांचें तेल व लिथियम लोखंडी नळ्यांत कोंडून त्या लाल होईपर्यंत तापविल्या. सुमारें ८० प्रयोगांपैकीं तीनच साधले; बहुतेक नळ्या फुटल्या वा गळल्या. १८८० सालीं त्यांनीं हिरे मिळाल्याचें जाहीर केलें. १९४३ सालीं क्ष-किरणांच्या परीक्षेंत ते खडे हिरेच ठरले. परंतु ते निसर्गनिर्मित होते, असा निष्कर्ष पुढील तपासण्यांत निघाला.

कल्पना मात्र वाया गेली नाहीं. २००४ सालीं टेक्सास विद्यापीठांत कॉर्गेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सुमारें ६०० अंशांवर दाबाखालीं ठेवलेल्या टोल्युइनमधून, धातूच्या सूक्ष्म कणांच्या साह्यानें, कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या वाढविल्या. हॅने यांना नळींत हिरा हवा होता. सव्वाशे वर्षांनीं नळींत नळीच निपजली.