केस पेपर ते कॉम्प्युटर : नोंद टिकते ती कुणामुळे?

समजा, तुम्ही सुकापूरच्या आरोग्याचा इतिहास लिहायला घेतलात. नवीन पनवेलला खेटून असलेल्या या वस्तीतली माणसं कशाने आजारी पडत होती, हे कुठे सापडेल? तुम्ही म्हणाल, दवाखान्यांच्या नोंदींत. पण त्या टिकतात का?

आधी नियम बघा. रुग्णाने मागितल्यास कागदपत्रांच्या प्रती द्यायलाच हव्यात, असं मुंबई उच्च न्यायालयाने 1996 मध्ये सांगितलं. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनी त्याला 72 तासांची मुदत घातली. दाखल रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं जपायची, आणि नोंदी कॉम्प्युटरवर आणायचा प्रयत्न करायचा, हेही त्यातच आहे. म्हणजे तुमचं साधन 3 वर्षांनी रद्दीत गेलं, तरी नियम मोडत नाही. ओपीडीचा कागद तर बहुतेक वेळा रुग्णाच्याच पिशवीत जातो.

मग कॉम्प्युटर आला की प्रश्न सुटला? काही अंशी, हो. जुनी नोंद पटकन सापडते, डॉक्टरांचं अक्षर लावत बसावं लागत नाही, एका आजाराचे रुग्ण मोजता येतात. पण किंमतही आहे. सॉफ्टवेअरचा खर्च, टायपिंगचा वेळ, गोपनीयतेची जोखीम. आणि संशोधकाला खटकणारी गोष्ट म्हणजे, रुग्णाने आपल्या शब्दांत सांगितलेली तक्रार यादीतल्या एखाद्या पर्यायात कोंबली जाते.

आणखी एक किंमत 2022 मध्ये दिसली. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांमधली, खासगी कंपनीमार्फत चालणारी संगणक प्रणाली बंद झाली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयासकट अनेक ठिकाणी पुन्हा हाताने केस पेपर लिहायची वेळ आली. कागदाच्या गठ्ठ्याला वाळवी लागते. कॉम्प्युटरवरच्या नोंदीला करार संपण्याची भीती असते.

आता याउलट बार्शी बघा. 1987 मध्ये तिथे भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांत कार्यकर्ते गावोगाव फिरून रुग्ण शोधत. रुग्णालयाच्या दारात जो आलाच नाही, त्याचीही नोंद व्हावी म्हणून. हे काम कुठल्याही मशीनने आपोआप केलं नसतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : नोंद टिकते ती ती जपायची जबाबदारी कुणीतरी घेतली म्हणून. कागद की कॉम्प्युटर, हा प्रश्न त्यानंतरचा. उद्या तुमच्या हाती एखादा डेटासेट आला, तर आकडे मोजण्याआधी चार गोष्टी विचारा. नोंद कुणी केली? कशासाठी केली? त्यात कोण आलंच नाही? आणि किल्ली कुणाकडे आहे? रुग्णाची ओळख उघड होणार नाही ना, हेही तेव्हाच तपासा. ही उत्तरं तुमच्या प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात यायला हवीत, परिशिष्टात नव्हे.