पेव भरावं गळ्यापर्यंत

आमच्या गोठ्यात दावणीच्या उजव्या अंगाला एक चपटा दगड जमिनीत बसवलेला आहे. नव्या माणसाला वाटतं, जनावरं धुवायला टाकला असेल. त्या दगडाखाली आमचं शेवटचं पेव आहे. आता त्यात मुरूम आणि दगडगोटे भरलेत. माझी नातवंडं पेपरात 'अमक्याचं पेव फुटलं, तमक्याचं पेव फुटलं' असं वाचतात, पण पेव कसं असतं ते त्यांनी पाहिलेलं नाही. एकदा धाकट्यानं विचारलं, "आजोबा, पेव म्हणजे फटाका का हो?" तेव्हाच ठरवलं, हे लिहून ठेवायचं. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. चुकलंमाकलं पदरात घ्यावं.

आमचं गाव मंगळवेढ्याच्या पट्ट्यातलं. काळी, खोल, ओल धरून ठेवणारी जमीन. परतीचा पाऊस झाला की मालदांडी पेरायची आणि देवावर हवाला ठेवायचा. साधलं तर वरून पाण्याचा थेंब न पडताही ज्वारी पुरुषभर वाढते. नाही साधलं तर वैरणसुद्धा होत नाही. या जमिनीचा स्वभावच असा, एका वर्षी घर भरून टाकील आणि पुढची दोन वर्षं तोंड फिरवील. त्यामुळं आमच्याकडं पिकवण्याइतकंच पिकलेलं ठेवण्याला महत्त्व. पेरणी चुकली तर माणूस एका वर्षाला बुडतो. साठवण चुकली तर तीन वर्षांना.

घरात ठेवायच्या जागा तीन. रोजच्या खाण्याला कणगी, सणासुदीला आणि बियाण्याला भिंतीतलं बळद, आणि वाईट वर्षाला पेव. तिन्हीच्या भरण्याची रीत निरनिराळी.

कणगी तुरकाठ्यांची किंवा निरगुडीच्या फोकांची विणलेली, आतून-बाहेरून शेणमातीनं सारवलेली. ती काठोकाठ भरायची नाही. वरची वीतभर जागा सोडायची. ज्वारी बसते तशी ती कुडाला बाहेर रेटते, आणि जास्त भरली तर कणगी कमरेत फुटते. त्या वीतभर जागेत लिंबाचा वाळला पाला आणि गोवऱ्यांची चाळलेली राख घालायची. बुडाशी चिंधीचा बोळा घातलेलं भोक असायचं, त्यातनं लागेल तेवढी ज्वारी काढायची.

पेवाचं उलट. पेव काळीत खणत नाहीत, तिथं ओल. ते गावठाणाच्या पांढरीत, उंचवट्यावर, खाली घट्ट मुरूम लागेल तिथं खणायचं. तोंड एका माणसाला जेमतेम उतरता येईल एवढं आणि पोट रांजणासारखं फुगीर. आमचं दोन पुरुष खोल होतं आणि त्यात साठ पोती ज्वारी मावायची. आतून शेणमातीनं लिंपायचं, मग गोवऱ्या नि पाचट पेटवून भिंती भाजून काढायच्या. गार झालं की बुडाला आणि कडेनं कडब्याचा थर द्यायचा आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात कडक झालेली ज्वारी ओतायची. भरायला माणूस आत उभा असायचा. ज्वारी वाढेल तसा पायानं कडेला सारत सारत वर यायचा. शेवटी तोंडाच्या गळ्यापर्यंत भरलं की वर भुस्कट, त्यावर दगड, त्यावर चिखलाचा लिंपा. पाणी थांबू नये म्हणून वर मातीचा उंचवटा करायचा.

भरण्याआधी माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, चार ठिकाणचे दाणे दाताखाली धरायचे. कट् वाजला तरच भरायचं. मऊ चेपला तर अजून दोन उन्हं. आता शिकलेली पोरं मशीन लावून सांगतात, बारा टक्क्यांच्या आत ओल पाहिजे. आबांचं मशीन त्यांच्या दाढेत होतं.

"पेव भरावं गळ्यापर्यंत आणि काढावं तळापर्यंत," हे आबांचं वाक्य. का, ते त्यांना शास्त्रानं सांगता यायचं नाही, पण कारण पक्कं होतं. पेव बंद झालं की आतले दाणे आणि किडे मिळून आतली हवा ओढून संपवतात. गळ्यापर्यंत भरलेल्या पेवात हवाच थोडी, ती लवकर संपते, आणि मग किडाही मरतो. म्हणून चांगलं भरलेलं पेव चार-चार वर्षं टिकायचं. कडेची ज्वारी काळपट पडायची, वास यायचा, पण मधली लख्ख. अर्धं भरलेल्या पेवात मात्र वर मोकळी हवा राहते. किड्याला श्वास मिळतो, तो वाढतो, त्याच्या अंगच्या उबेनं ओल सुटते, दाणा तापतो. वर ही सगळी खराब हवा तळाकडं साचून बसते. ती जड असते. दिसत नाही, तिला फारसा वासही नाही.

म्हणून पेव उघडलं की लगेच कोणी उतरायचं नाही. एक दिवस तोंड मोकळं ठेवायचं. मग दोरीला कंदील बांधून तळापर्यंत सोडायचा. तेवत राहिला तर माणूस उतरवायचा, विझला तर थांबायचं. घोंगडी दोरीला बांधून वरखाली हापसायची, की आतली हवा हलते. हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा जाणत होतं.

मंगळवेढं म्हटलं की दामाजीपंत आले. बिदरच्या बादशहाचे इथले अंमलदार. दुष्काळात लोक पटापटा मरायला लागले तेव्हा त्यांनी सरकारी कोठार लुटवलं, आणि विठोबानं विठू महाराचं रूप घेऊन बादशहाकडं रक्कम भरली, अशी कथा. आबा ती सांगताना एक गोष्ट आपल्या पदरची घालायचे. "पंतांनी कोठार उघडलं ते सगळं उघडलं. अर्धं उघडलं असतं तर इठोबा आला नसता." लहानपणी मला वाटायचं, म्हातारा गंमत करतोय.

साठीच्या दशकात पेवाला दुसराच अर्थ आला. सरकारनं ज्वारीची लेव्ही लावली. एकराच्या हिशेबानं ज्वारी सरकारी भावानं घालावी लागायची आणि बाहेर भाव जास्त. मग कोण दाखवतंय पेव? रातोरात पेवं भरली जायची आणि वर उकिरडा केला जायचा. आमच्याही एका पेवावर कडब्याची गंज रचली होती. वाईट दिवसासाठी असलेली वस्तू लपवायची वस्तू झाली, आणि लपवलेल्या वस्तूला भाव चढतो.

आमचं थोरलं पेव १९७० च्या उन्हाळ्यात भरलं. त्यानंतर सलग पिकं हुकली. १९७१ ला थोडंफार झालं. १९७२ ला तर पेरलेलं उगवलंच नाही. मी तेव्हा पाचवीत. वर्गातली निम्मी पोरं आईबापांबरोबर खडी फोडायला गेली. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती असं पुढं वाचलं, तेव्हा त्यात माझ्या वर्गाची हजेरी मला दिसली. कामावर सुकडी मिळायची. रेशनला तांबडा मिलो. त्याची भाकरी थापताना आई म्हणायची, "ही काय ज्वारी हाय व्हय? जनावरांचा चारा हाय."

दिवाळीच्या सुमाराला पेव उघडायचं ठरलं. आबा म्हणाले, "उघडायचं तर रिकामं करा. घरचं बळदात घाला, राहील ते गावात उसनं द्या. पिकल्यावर मापाला माप घेऊ." माझे वडील, अण्णा, यांचं मत वेगळं. ते म्हणाले, "पुढच्या वर्षीबी पाऊस न्हाई आला तर? अर्धं काढू, अर्धं राहू द्या." हे बोलणं चुकीचं नव्हतं. घरात चौदा खाणारी तोंडं होती. पण त्यामागं दुसरंही होतं, आणि ते लिहिलं नाही तर हे सगळं लिहिणं खोटं ठरेल. अर्धं काढलं, त्यातलं काही अण्णांनी दिडीनं दिलं. एक पोतं नेलं तर पिकल्यावर दीड पोतं आणून घालायचं. आणि पेवात राहिलं त्याचा भाव उन्हाळ्यात आणखी चढणार होता. आबा त्या दिवशी जेवले नाहीत. "अर्धं पेव म्हंजे ना घरचं ना दारचं," एवढंच म्हणाले. म्हातारपणी घराचा कारभार हातातून गेलेला असतो, तो त्यांचा गेला होता.

भुस्कट, दगड, लिंपा पुन्हा बसवला. आत निम्मं पेव मोकळं.

१९७३ च्या मृगाला पाऊस पडला. लोक रस्त्यावर येऊन भिजले. दोन दिवस पाणी धरून होतं, आणि अण्णांना धास्ती पडली की लिंप्यातून पाणी मुरलं असणार. सकाळी सकाळी पेव उघडलं. आमच्याकडं एक सालगडी होते, आईच्या माहेरच्या गावचे म्हणून आम्ही त्यांना मामा म्हणायचो. मला त्यांनीच पोहायला शिकवलं. आबांनी ओट्यावरनं हाक दिली, "कंदील सोडल्याबिगर उतरू नगा रं." कंदील आणला तर त्यात रॉकेल नव्हतं. रेशनला रॉकेल आलंच नव्हतं त्या महिन्यात. आईनं मला बाटली देऊन शेजाऱ्यांकडं धाडलं. पहिल्या घरी नव्हतं, दुसऱ्या घरी नव्हतं, तिसऱ्या घरच्या काकूंनी चिमणीतलं ओतून दिलं, दोन बोटं असेल.

परत आलो तर पेवाभोवती माणसं. अण्णा म्हणाले होते, "ढग परत भरून आलंय, तवर बघून तरी ये." आणि मामा दोरी न बांधताच उतरले होते. ज्वारीवर पाय टेकला, खाली वाकले, आणि तसेच बसले. हाकेला ओ नाही. माझा चुलता उडी टाकायला निघाला. आबांनी त्याचं धोतर धरलं आणि त्याला मागं पाडलं. सत्तरीच्या माणसात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. "एक गेला, दुसरा नगं," म्हणाले. मग घोंगडी हापसली. विहिरीतली बादली काढायचा गळ आणला. त्यानं कपड्याला धरून मामांना वर घेतलं. अंग गरम होतं, पण माणूस नव्हता.

रॉकेलची बाटली माझ्या हातातच होती. ती कुणी घेतली नाही आणि मीही ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी कंदील सोडला. तोंडापासून हातभर खाली जाताच विझला. चार दिवसांनी ज्वारी काढली. वरचा थर ढेकळासारखा चिकटलेला, त्याखाली भुंगेरा, मधली तांबूस आणि कडू. निम्म्याहून जास्त ज्वारी उकिरड्यावर गेली. गुरांनीसुद्धा तोंड लावलं नाही. ज्यांनी दिडीनं नेली होती त्यांच्याकडनं अण्णांनी पुढं मापाला मापच घेतलं. कुणी त्याबद्दल बोललं नाही.

मामांचं घर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. बायको, दोन पोरं. आबांनी पंच बोलावले नाहीत, पैशाचं नाव काढलं नाही. पुढच्या सुगीला खळ्यावर रास पडली. आमच्याकडं ज्वारी मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. आबा म्हणाले, "लाभ त्या घरचा." पहिली पायली बाजूला ओतली, तिच्यावर आणखी पोतंभर घातली आणि अण्णांना सांगितलं, "गड्याकडनं पाठवायची न्हाई. खांद्यावर न्यायची."

अण्णांनी ती नेली. पुढची तीस वर्षं नेली. मामी दार उघडायच्या, पोतं कुठं ठेवायचं ते हातानं दाखवायच्या. बोलणं होत नव्हतं. अण्णांनी पेवाचा विषयही परत कधी काढला नाही. त्याच वर्षी तिन्ही पेवं बुजवली.

तशी पेवं आमच्याकडनं सगळीकडचीच गेली. सरकारी सवलतीत पत्र्याच्या कोठ्या आल्या. पुढं ऊस आला, ज्वारी कमी झाली. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं पुष्कळ होती, मी स्वतः पाहिलेली. तिथल्या मातीत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात त्यांतली कितीतरी पाण्यानं गेली.

माझ्याकडं आता पत्र्याच्या दोन कोठ्या आहेत. त्याही भरायच्या त्या गळ्यापर्यंत, म्हणजे झाकणाखाली हवा राहत नाही. पण ज्वारी उन्हातनं आणली की तशीच गरम भरायची नाही. एकदा मी घाईनं भरली, मळणीयंत्रवाला दारात उभा होता. रात्री पत्रा गार पडला, आतल्या उबेची झाकणाला दहिवरासारखी ओल धरली आणि वरचा हातभर थर बुरसला. पोराला म्हणालो, "बघ, आजा-पणजा सांगून गेले तरी बाप चुकतो." एका रात्रीपुरती ज्वारी सावलीत पसरून ठेवायची, एवढंच राहिलं होतं.

अण्णा गेल्यावर लाभाचं पोतं मी न्यायला लागलो. मामीही गेल्या. गेल्या सुगीला त्यांचा नातू पुण्याहून आला होता, कंपनीत चांगल्या जागेवर आहे. दारातच म्हणाला, "काका, आता कशाला? आम्ही पाकिटातलं पीठ आणतो. आणि हे कशाचं आहे तेही मला नीट ठाऊक नाही."

त्याला ओट्यावर बसवलं आणि वर लिहिलंय ते सगळं सांगितलं. रॉकेलच्या बाटलीसकट, दिडीसकट. ऐकून तो बराच वेळ गप्प होता. मग उठला, पोतं स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि आत नेऊन ठेवलं.